खुलासा मराठीतही हवा: आदिलाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, आदिलाबाद यांस,


बेला, जैनथ या पट्ट्यातल्या मराठी घरांची सोयरीक पांढरकवडा, किनवटपर्यंत पोचलेली आहे. त्यामुळे त्यांच्या मोबाईलवरचे गटही दोन राज्यांचे असतात आणि तिकडची अफवा इथे मराठीतच उतरते. राज्याच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू. सरकारी खुलासा साहजिकच त्यांत निघतो. मराठीतून शिकलेल्या म्हाताऱ्याच्या हाती अफवा तयार मिळते, खुलासा मात्र नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. ही भाषिक अस्मितेची तक्रार नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याच काळात देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. तो अभिनय आहे हे सांगणारा शेवट कुणीतरी कापला होता. आपले कोलाम, गोंड पाडेही राईनपाड्यासारखेच आडवाटेला आहेत, आणि अनोळखी फिरस्ते तिथेही येतात.

व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच ठिकाणांची मर्यादा घातली, मग प्रशासनाने आणखी काय करायचे, असे विचारले जाईल. पण तेव्हा एका गटात 256 माणसे मावत. पाच गट म्हणजे एका बोटाने बाराशेवर माणसे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अफवा खोडताना तीच नव्याने पसरते. खरे आहे, म्हणूनच खोडण्याची तयारी आधीपासून हवी. 2018 मध्ये आपल्याच राज्यात जोगुळांबा गदवालच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी गावोगाव पोलीस नेमले आणि लोककलावंतांकरवी गाण्यांतून, डफाच्या तालावर लोकांना सावध केले. गावाच्या ओळखीचा पोलीस असला की संशय आल्यावर हात उगारण्याआधी फोन कुणाला लावायचा हे ठाऊक असते. 'लोकांनी स्वतःच तपासून पुढे पाठवावे' हा सल्ला बरोबर आहे, पण पोराच्या काळजीने घाबरलेला बाप चित्रफीत कुठली, कधीची, हे शोधत बसत नाही. त्याला चटकन उत्तर देणारा, विश्वासाचा माणूस लागतो.

म्हणून मागणी मोठी नाही. खुलासा मराठी, गोंडी आणि कोलामीतही निघावा, लेखी जमत नसेल तर आवाजाच्या फितीत. आदिलाबाद आकाशवाणी हाताशी आहे. आठवडी बाजारात दवंडी द्यावी. मोबाईल नसलेल्यांपर्यंत अफवा पोचतेच, खुलासाही पोचला पाहिजे. यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूरच्या पोलिसांशी थेट संपर्क असावा, म्हणजे तिकडे उठलेली अफवा इकडे येण्याआधी तिचे उत्तर येईल. यात मोठा खर्च नाही. मराठी माध्यमाच्या शाळांतले शिक्षक मजकूर तपासून देतील. त्यांना कुणीतरी विचारले मात्र पाहिजे.

आपला,
जिल्ह्यातील एक मराठी वाचक