निरोपाची तार, लोडची तार

चिंचवडच्या एका तारतंत्र्याने गेल्या महिन्यात दोन फोटो पाठवले. पहिल्यात नवाकोरा वाय-फाय स्विच, मॉड्यूलर बॉक्समध्ये नीट बसवलेला. दुसरा तीन आठवड्यांनंतरचा. त्याच स्विचची मागची बाजू, टर्मिनलपाशी वितळलेले प्लास्टिक आणि काळी पडलेली वायर. पुढे 3 किलोवॉटचा गीझर. सोबत एकच ओळ होती: ‘साहेब, स्विचवर 16 अँपिअर लिहिलंय, गीझर 13 च घेतो, मग चुकलं कुठं?’

फोनवर बोलल्यावर उलगडा झाला. 4 स्क्वेअर एमएमची वायर त्या चिमुकल्या टर्मिनलमध्ये मावेना, म्हणून तिच्यातल्या चार-पाच तारा छाटल्या होत्या. स्क्रू एकदाच आवळला होता. बंद बॉक्समध्ये रोज तास-तासभर 13 अँपिअर. डब्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो चांगल्या जोडणीचा होता. मात्र आमच्या मते मूळ चूक याच्याही आधीची आहे. ग्राहकाचा मुलगा लंडनला असतो आणि ट्रेनमध्ये बसून घराचे हीटिंग फोनवर चालू करतो. बापाला वाटले, आपलाही गीझर तसाच चालावा. आपल्या तारतंत्र्यालाही वाटले, दोन वायरी तर जोडायच्या आहेत. पण लंडनच्या दोन वायरी आणि चिंचवडच्या दोन वायरी यांचे काम एक नाही. तिकडची तार निरोप नेते, इकडची लोड ओढते.

हा भेद जुना आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला आल्बर्ट बुट्झ याने 1885 च्या सुमारास कोळशाच्या भट्टीसाठी एक यंत्रणा तयार केली. खोली गार झाली की थर्मोस्टॅटचे सर्किट जुळायचे, मोटरची अडकण सुटायची, मोटर अर्धा फेरा घ्यायची आणि साखळीने भट्टीची हवेची झडप उघडायची. थर्मोस्टॅटने ना झडप उचलली, ना कोळसा पेटवला. त्याने फक्त ‘ऊब हवी’ एवढे कळवले. पुढे भट्टी गेली, गॅसचा बॉयलर आला, 1953 साली हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट भिंतीवर आला आणि 2011 साली नेस्ट. तरी भिंतीवरच्या डबीचे काम तेच राहिले. निरोप द्यायचा, मेहनत बॉयलरने करायची.

पण निरोप कोणत्या भाषेत द्यायचा, इथे गफलत होते. बॉयलरच्या टर्मिनलवर दोन वायरी दिसतात त्या सारख्याच, पण त्यांचे अर्थ चार असू शकतात. अमेरिकेत बहुधा 24 व्होल्ट एसी, बॉयलरच्याच ट्रान्सफॉर्मरवरून आलेले. ब्रिटनमध्ये अनेक जागी 230 व्होल्टचा फेज थर्मोस्टॅटमधून फिरून परत येतो, म्हणजे आपली ‘हाफ वायर’. काही बॉयलरना फक्त कोरडा संपर्क लागतो. वायरी जुळल्या की झाले, बाहेरून व्होल्टेज द्यायचे नाही. आणि चौथ्या प्रकारात त्या दोन वायरींवरून डेटा धावतो. कोरड्या संपर्काच्या किंवा डेटाच्या टर्मिनलवर 230 व्होल्ट दिले की क्षणात सर्किट बोर्ड जळतो आणि एका स्क्रूच्या कामाला बोर्डाची किंमत पडते. उलट चूक अशी की, कारखान्यातून टर्मिनलवर आलेला लिंकचा तुकडा काढायचा राहून जातो. मग थर्मोस्टॅट काहीही म्हणो, बॉयलरला सतत ‘ऊब हवी’ असेच ऐकू येते.

स्मार्ट डबीची दुसरी गरज म्हणजे तिचे स्वतःचे पोट. साध्या थर्मोस्टॅटला वीज लागत नसे. वाय-फाय आले की लागते, आणि विजेला परतीची वाट हवी. अमेरिकेतल्या जुन्या घरांत थर्मोस्टॅटपर्यंत दोनच वायरी गेलेल्या, ‘सी’ नावाची तिसरी नाही. तेव्हा काही उपकरणे बॉयलरच्या रिलेच्या सर्किटमधूनच थोडी वीज चोरून घेतात. नाजूक रिलेला तेवढ्यानेही चाळवल्यासारखे होते आणि तो टकटकत राहतो. उपाय दोनच: तिसरी वायर ओढा, नाहीतर मध्ये वेगळा रिले घाला.

हे वाचून आपल्याकडच्या कित्येकांना आपला स्विचबोर्ड आठवेल. बाथरूमबाहेरच्या जुन्या बॉक्समध्ये फेज आणि हाफ वायर असते, न्यूट्रल नसतो. मग तो शेजारच्या बोर्डातून उसना आणला जातो. दोन सर्किट वेगवेगळ्या आरसीसीबीवर असतील तर हा उसना न्यूट्रल लगेच बोंबलतो, आरसीसीबी पडतो. आणि ‘तुमचा आरसीसीबीच खराब आहे’ म्हणून तोच काढून टाकणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलऐवजी अर्थिंगची हिरवी वायर जोडणे. डबीला लागणारा करंट इतका थोडा की 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी कदाचित पडणारही नाही. पण उद्या अर्थिंग कुठे तुटले, तर त्याच डबीतून फेज गीझरच्या अंगावर येऊ शकतो. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला याची किंमत मोजावी लागेल. न्यूट्रल नसेल तर नवी वायर ओढायची. ग्राहक तयार नसेल तर काम सोडायचे. यात तिसरा मार्ग नाही.

तिसरी गोष्ट मर्यादेची. बॉयलरच्या देशांत शिकवतात की थर्मोस्टॅटने बॉयलरची मुख्य वीज तोडायची नाही. ज्वाला विझल्यावरही अनेक बॉयलरांत पंप काही मिनिटे फिरत राहतो, आतली उष्णता बाहेर काढतो. मुख्य वीजच तोडली तर पंप थांबतो आणि हीट एक्स्चेंजरमधले पाणी आतल्या आत उकळते. गोठण्यापासून बचावाची व्यवस्थाही त्याच विजेवर असते. निरोप्याने निरोप द्यावा, घराची मुख्य किल्ली त्याच्या हाती देऊ नये.

गीझरमध्ये मुख्य वीज तोडली तर तसे बिघडत नाही; तो साधा हीटर आहे. आपल्याकडचा धोका उलट्या बाजूचा. गीझरचा थर्मोस्टॅट बिघडला की तो ‘डायरेक्ट’ करायची सवय आपल्या धंद्यात आहेच. आता तिला नवे निमित्त मिळाले: ‘मोबाइलवर टायमर आहे ना!’ टायमर वेळ मोजतो, पाण्याचे तापमान मोजत नाही. शिवाय रिलेचे संपर्क जेव्हा दगा देतात, तेव्हा पुष्कळदा ते वितळून एकमेकांना चिकटतात. फोनवर ‘बंद’ दिसते आणि पाणी तापतच राहते. त्या वेळी टाकी आणि घर यांच्यामध्ये उभे असतात ते गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट, कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यांतले काहीही डायरेक्ट करायचे नाही, बंद करायचे नाही. स्मार्ट स्विच त्यांच्या जोडीला बसतो, जागी नव्हे.

मग चिंचवडच्या मित्राने काय करावे? बॉयलरवाल्यांची रीत उचलावी. डिस्ट्रिब्युशन बोर्डात गीझरच्या एमसीबीपुढे 25 अँपिअरचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर बसवावा, गीझरचा सगळा लोड त्याच्यातून न्यावा आणि वाय-फाय स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी. कॉइलला लागते ते किरकोळ. स्विच गरम होण्याचा प्रश्नच नाही. चार स्क्वेअरची वायर कॉन्टॅक्टरच्या दणकट टर्मिनलमध्ये पूर्ण बसते, एकही तार छाटावी लागत नाही. वर एक साधा हाताचा स्विच ठेवावा, म्हणजे इंटरनेट गेले तरी आजोबांची आंघोळ अडणार नाही. खर्च थोडा वाढेल. पण लोडची तार आणि निरोपाची तार वेगळ्या होतील, आणि पुढच्या वेळी जळका फोटो येणार नाही.

हाताच्या स्विचचा आग्रह उगाच नाही. गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटची सेवा 25 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. ते भिंतीवर हाताने चालत राहिले, फोनवरचा ताबा मात्र गेला. ग्राहकाला आपण जोडणी देतो, सेवेची हमी देऊ शकत नाही; हे काम सुरू करण्याआधी सांगून टाकावे.

आणखी एका कारणाने हा विषय आम्ही या महिन्यात घेतला. महाराष्ट्र शासनाने 2024 साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. आपल्या आयटीआयची मुले उद्या तिकडे गेली तर त्यांच्यापुढे गीझर नव्हे, बॉयलर येईल. तोही नुसता चालू-बंद होणारा नाही. ओपनथर्मसारख्या पद्धतीत दोन वायरींवरून थर्मोस्टॅट बॉयलरला किती तापमानाचे पाणी हवे तेही सांगतो. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परतीचे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली राहिले तरच धुरातली वाफ निवून तिची उष्णता हाती लागते. अशा बॉयलरला साधा रिले जोडला तर तो चालेल, कोणी तक्रारही करणार नाही. फक्त गॅस जास्त जळत राहील. चालते म्हणजे बरोबर जोडले, हा समज तिकडे टिकत नाही. इकडेही टिकू देऊ नये.

या अंकाच्या मधल्या पानांवर चार आकृत्या आहेत: 24 व्होल्ट, हाफ वायर, कोरडा संपर्क आणि गीझरचा कॉन्टॅक्टर. पान कापून दुकानात लावा. जुनी जोडणी सोडण्याआधी तिचा फोटो काढा, मल्टिमीटरने प्रत्येक वायर मोजा, आणि कोणती तार निरोपाची, कोणती लोडची, हे टेपवर लिहून तिलाच चिकटवा. पुढचा तारतंत्री तुम्हाला ओळखत नसेल, पण तुमचे अक्षर वाचेल.