रंगविणारे पुष्कळ, पुसणारा कोण?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक वाद झाला. एकत्र कुटुंबांत वाद ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. आंब्याच्या फोडींपासून देवघरांतील घंटेपर्यंत कोणत्याहि विषयावर आमच्याकडे दोन पक्ष पडूं शकतात. परंतु हा वाद संगणकावरील एका खेळासंबंधीं होता, आणि तोहि पंचवीस वर्षांहून जुन्या खेळासंबंधीं. एरवीं अशा प्रसंगीं आम्ही चष्मा पुसून ओसरीवर जाऊन बसतों. या वेळीं मात्र खेळाचा विषय ‘भिंती रंगविणें’ हा आहे असें कानीं आलें, आणि ३४ वर्षें शाळेच्या भिंती राखलेल्या आमच्यासारख्या माणसास उठून आंत जाणें भाग पडलें.

खेळाचें नांव ‘जेट सेट रेडिओ’. जपानांतील सेगा कंपनीनें तो आपल्या ड्रीमकास्ट यंत्रासाठीं जून २००० मध्यें बाजारांत आणला. अमेरिकेंत तो त्याच वर्षीं ‘जेट ग्राइंड रेडिओ’ या नांवानें गेला. मासायोशी किकुची हे त्याचे दिग्दर्शक आणि हिदेकी नागानुमा हे संगीतकार. टोकियोच्या नमुन्यावर एक काल्पनिक शहर रचिलेलें आहे. पायांत चाकांचे बूट चढविलेलीं तरुण मुलें त्या शहरांतून सुसाट जातात, उड्या मारतात, जिन्यांच्या कठड्यांवरून घसरतात, आणि हातांतील फवाऱ्याच्या डब्यांनीं भिंतींवर आपल्या टोळीचीं रंगीत चिन्हें उमटवितात. अशा भित्तिलेखनास पाश्चात्त्य देशांत ग्राफिटी म्हणतात. एका टोळीचें चिन्ह झांकून त्यावर आपलें काढावयाचें, हा खेळाचा मुख्य व्यवहार. मागें पोलीस लागतात. ओनिशिमा नांवाचा अंमलदार तर पिस्तूल उगारूनच धांवतो, आणि पुढें पुढें सशस्त्र तुकड्या व हेलिकॉप्टरेंहि येतात. सर्वांच्या मुळाशीं शहर गिळूं पाहणारा रोक्काकू नांवाचा धनाढ्य बसलेला आहे.

आंत तीन वादी होते. आमचा पुतण्या २००२ सालीं अमेरिकेंत शिकावयास होता. त्याच वर्षीं या खेळाचा दुसरा भाग, ‘जेट सेट रेडिओ फ्यूचर’, एक्सबॉक्स यंत्रावर निघाला, आणि तो त्यानें सोबत्यांबरोबर रात्री जागवून खेळला. नातू पंधरा वर्षांचा. पहिल्या भागाची २०१२ सालीं निघालेली सुधारलेली आवृत्ति त्याच्या हातीं लागलेली. नात चित्रकलेच्या महाविद्यालयांत शिकते. ती खेळते थोडें, पाहते फार.

पुतण्याचें म्हणणें असें कीं पहिला भाग म्हणजे खेळणाऱ्याचा निव्वळ छळ. डोक्यावर घड्याळ टिकटिकत असतें. नेमल्या वेळांत सर्व जागा रंगवावयाच्या. मोठें चित्र काढावयाचें तर पडद्यावर बाण दाखविले जातात, आणि त्या दिशांनीं हातांतील दांडी क्रमानें फिरवावी लागते. इतक्यांत पोलीस येऊन ढकलून देतो. दुसऱ्या भागांत ही कटकटच ठेविली नाहीं. घड्याळ काढून टाकलें, दांडी फिरविण्याचें काम गेलें, कळ दाबली कीं चित्र उमटलें. “काका, खेळ आहे तो, परीक्षा नव्हे,” असें त्यानें आम्हांस बजाविलें.

नातवाचें मत नेमकें उलट. “घड्याळ नाहीं, पोलिसांची भीति नाहीं, हाताला काम नाहीं, मग चित्र काढलें कोणीं? कळीनें!” त्याचें दुसरें म्हणणें असें कीं दुसऱ्या भागांतील शहर फार पसरट आहे, आणि पुढची वाट शोधण्यांतच संध्याकाळ जाते. ही तक्रार त्याची एकट्याची नव्हे. तो भाग खेळलेले पुष्कळजण तीच करतात असें पुतण्यानेंहि कबूल केलें.

एका गोष्टीवर मात्र तिघांचें एकमत झालें. मूळच्या पहिल्या भागांत दृश्य दाखविणारी दृष्टि फार घोटाळा करी. भिंत रंगविण्याची कळ आणि दृष्टि सरळ करण्याची कळ एकच. त्यामुळें करावयास जावें एक आणि व्हावें दुसरेंच. २०१२ च्या आवृत्तींत दृष्टि निराळ्या दांडीनें फिरवितां येऊं लागली, तेव्हां हा दोष बराचसा गेला. आणि गुणाविषयींहि एकमत होतें. आकृतींस शाईनें रेखाटल्यासारखी काळी कड, आंत सपाट ठळक रंग, जणूं चित्रमालिकाच हलूं लागली आहे, अशी ही रीति रूढ करणाऱ्या आरंभीच्या खेळांत याची गणना होते. नागानुमा यांचें संगीत तर ज्यांना खेळ जमला नाहीं त्यांच्याहि कानांत राहतें. २०२३ सालीं नेदरलंड्समधील टीम रेप्टाइल या मंडळीनें त्याच धर्तीवर ‘बॉम्ब रश सायबरफंक’ हा खेळ काढला, आणि त्यांत नागानुमा यांचीं गीतें घेतलीं, यावरून जुन्या खेळाची ओढ किती टिकली आहे हें दिसून येईल.

येथपर्यंतच्या वादांत आमचा निकाल मागण्यांत आला. आम्हीं सांगितलें कीं कित्ता गिरविणाऱ्या मुलाचा हात धरून आपणच अक्षर काढलें तर अक्षर सुरेख येतें, पण तें मुलास येत नाहीं. म्हणून दांडी फिरविण्याच्या कष्टापुरते आम्ही नातवाच्या बाजूचे. परंतु दौत गळकी असणें ही अभ्यासाची कठीणता नव्हे. ती दौतीची खोड. कष्ट आणि खोड यांतील भेद ज्यास कळला, त्याच्या तक्रारीस आम्ही मान देतों.

असो. आमचा खरा प्रश्न निराळा होता. दुसऱ्याची भिंत रंगविणें हा पराक्रम म्हणून मुलांपुढें ठेवावा काय? नातवानें लगेच दाखवून दिलें कीं खेळाच्या आरंभींच सूचना येते: भित्तिलेखन ही कला असली तरी नासधूस म्हणून तें करणें हा अपराध होय, अशा आशयाची. सूचना आम्हीं वाचली. तंबाखूच्या पुडीवरहि सूचना असते, एवढेंच आम्ही बोललों.

हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांसच पडतो असें नाहीं. अमेरिकेंतील वस्त्रव्यवसायी मार्क एको यांचा ‘गेटिंग अप’ नांवाचा भित्तिलेखनाचाच खेळ आहे. ऑस्ट्रेलियांत फेब्रुवारी २००६ मध्यें तेथील पुनर्विचार मंडळानें, तो अशा गुन्ह्यास उत्तेजन देतो असें ठरवून, त्यास प्रमाणपत्र नाकारलें, आणि त्याची विक्री बंद झाली. उलट त्याच्या आदल्या वर्षीं न्यूयॉर्कमध्यें, आगगाडीच्या डब्यांच्या प्रतिकृति भर रस्त्यांत रंगविण्याचा एको यांनीं योजलेला समारंभ महापालिकेनें परवानगी काढून घेऊन अडविला असतां, न्यायालयानें ती परवानगी परत देवविली. म्हणजे शहाण्यांचेंहि एकमत नाहीं.

तेव्हां आमची नात, जी इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “आजोबा, आपल्या कोपऱ्यावरची भिंत शिकवणीच्या वर्गांच्या जाहिरातींनीं भरली आहे. त्यांना परवानगी कोणीं दिली? तुम्ही रोज त्यावरून फिरायला जातां आणि रागावत नाहीं. कोणी पोरानें तिथें मोर काढला तर मात्र रागवाल. या खेळांतल्या मुलांचें भांडण तेंच आहे. शहर रोक्काकूचें कीं त्यांत राहणाऱ्यांचें?”

वाचकहो, या प्रश्नानें आम्ही क्षणभर निरुत्तर झालों, हें लपवीत नाहीं. मग आमची नेहमींची खोड आम्हीं केली. संस्कृताचा आश्रय घेतला. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत शर्विलक नांवाचा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घरास भोंक पाडावयास येतो. भिंतीशीं उभा राहून तो विचार करतो कीं भोंकाचा आकार कसा असावा, कमळासारखा कीं चंद्रकोरीसारखा कीं कलशासारखा, कारण उद्यां लोकांनीं पाहून वाहवा केली पाहिजे! मापावयास दोरी नाहीं तर जानव्यानेंच मापतो. आणि आश्चर्य हें कीं सकाळीं चारुदत्त जागा होऊन तें भोंक पाहतो तेव्हां प्रथम त्याच्या सौंदर्याचीच तारीफ करतो. मुलें खूष झालीं. “म्हणजे शूद्रक आमच्या बाजूचा!” नातू ओरडला.

आम्हीं म्हटलें, थांब. त्याच अंकाच्या शेवटीं चारुदत्त वर्धमानक नांवाच्या सेवकास सांगतो कीं याच विटांनीं हें भोंक लवकर बुजवून टाक. शूद्रकास चोर दिसला, रसिक दिसला, आणि वीट उचलणारा सेवकहि दिसला. तुमच्या खेळांत रंगविणारे आहेत, पकडणारे आहेत, भिंतींचा धनी आहे. पुसणारा कोठें आहे?

नातवानें विचार करून सांगितलें कीं पुसणारा कोणीच नाहीं. टोळीचें चिन्ह झांकतें तें दुसऱ्या टोळीचें चिन्ह. बादली घेऊन कोणी येत नाहीं.

आणि मग, बोलावयाचें नव्हतें तें आम्ही बोलून गेलों. पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळेची तपासणी होती. आदल्या दिवशीं सकाळीं दर्शनी भिंतीवर डांबरानें काढलेलें एक चित्र दिसलें. चित्र आमचेंच होतें. नाक, चष्मा, छडी, सर्व हुबेहूब. हात चांगला होता. मुलगा सांपडला, आम्हीं त्यास छड्या मारल्या आणि घरीं पाठविलें. शिपायास भिंत साफ करावयास सांगितलें. वैशाखाचें ऊन, तो रॉकेल आणि काथ्या घेऊन दुपारभर घासत होता. सायंकाळीं हजेरीपटावर सही करावयास आला तेव्हां त्याच्या बोटांचीं कातडीं सोललीं होतीं. आम्हीं तीं पाहिलीं, आणि सहीची जागा बोटानें दाखविली. दुसरें कांहीं केलें नाहीं.

मुलाकडूनच भिंत पुसवून घ्यावी हें आम्हांस सुचलें नाहीं. छडीनें न्याय झाला असें आम्हांस वाटलें; आणि न्यायाचें काम पूर्ण झालें तें तिसऱ्याच्याच हातांनीं.

नातवानें विचारलें, “आजोबा, त्या शिपायाचें नांव काय?” चित्र काढणाऱ्या मुलाचें नांव आम्हांस आजहि पाठ आहे. शिपायाचें नांव आठवावयास आम्हांस पहाटेपर्यंत जागावें लागलें. सकाळीं उठतांच आम्हीं तें नातवास सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं, पण त्यानें तें एकदां उच्चारून पाहिलें.

यावरून हा खेळ घरांत नको असें आमचें मत झालें आहे काय? तसें नाहीं. खेळांत हाताची शिस्त आहे, रंगांची जाण आहे, आणि शहर कोणाचें हा प्रश्न विचारण्याचें धैर्यहि आहे. आमच्या नातीनें आम्हांस निरुत्तर केलें तें याच खेळाच्या बळावर. फक्त ज्या घरांत हा खेळ असेल त्या घरच्या वडील मंडळींनीं मुलांशेजारीं घटकाभर बसावें आणि एकच प्रश्न विचारावा: हें पुसणार कोण?

आमच्या घरापुरता निकाल असा लागला कीं मागील अंगणाची भिंत नातवास देण्यांत आली. त्यानें तेथें मनसोक्त रंगवावें. अट एवढीच कीं दिवाळीपूर्वीं तिला चुना त्यानेंच द्यावा, गड्यास सांगूं नये. त्यानें ती मान्य केली. बहिणीनें कडा आंखून दिल्या, आणि पुतण्यानें भिंतीचें मोजमाप घेतलें, जानव्यानें नव्हे, फितीनें. त्याच्या आजीनें मात्र एक अट आपली म्हणून घातली: दिवेलागणीच्या आंत हातपाय धुवून शुभंकरोतीस हजर असलें पाहिजे. घड्याळाचा तो एवढा कैवारी, पण त्या दिवसापासून वेळ फार थोडा मिळतो अशी तक्रार करूं लागला आहे.