सुट्टीची शेती आणि बुधवारची गाय

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कचेरीत त्याने काय फरक पडला ते इतरांनी सांगावे. लाखांदूर तालुक्यात तो फरक शुक्रवारी रात्री दिसतो. कुणी वडसा स्टेशनवर उतरतो, कुणी नागपूर-भंडाऱ्याकडून मोटारसायकलने येतो. गावी दोन एकर धानाची बांधी, एखाददुसरी गाय, चार-सहा शेळ्या, परसात दहा-बारा कोंबड्या. शनिवारी सकाळी हा नोकरीवाला गोठा झाडतो, शेणखड्डा भरतो, कुंपणाच्या काट्या बदलतो, शेळ्यांचे वाढलेले खूर कापतो. रविवारी सायंकाळी पिशवीत अंडी घेऊन परत.

गावात याला हौशी शेती म्हणून हसतात. आम्हाला हसू येत नाही. या माणसांमुळे जमीन पडीत राहत नाही, पगारातला पैसा बांधीत येतो आणि नवे वाण करून पाहण्याची हिंमतही त्यांच्यातच जास्त. आमची तक्रार वेगळी आहे. धान पाच दिवस वाट पाहते, जनावर पाहत नाही.

चुलबंदच्या काठच्या एका गावी मागे गेलो होतो. दारात चांगली धडधाकट संकरित गाय, पण वर्ष झाले गाभण नाही. मुलगा नोकरीवर. त्याने खनिज मिश्रण आणले, जंताचे औषध पाजले, डॉक्टरांना दोनदा दाखवले. गाईत दोष काही निघाला नाही. निघता निघता त्याची माय म्हणाली, "बुधवारी रातभर हंबरली जी साहेब. पोरगा त शनिवारी येते. त्याले सांगतलं त म्हणते, आता त चांगली दिसते."

सगळा रोग या तीन वाक्यांत होता. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. बुधवारी माज दाखवणारी गाय पुढच्या खेपेलाही बुधवारच्या आगेमागेच दाखवणार. माज टिकतो बारा ते अठरा तास. सकाळी दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन झाले पाहिजे. शनिवारी घरी येणाऱ्याला ही गाय वर्षभर माजावर दिसणारच नाही आणि तो तिला वांझ समजून बाजार दाखवील. म्हशीचे तर आणखी अवघड. तिचा मुका माज घरच्या माणसालाही पटकन कळत नाही. एक पाळी चुकली आणि भाकड जनावराला दिवसाला सहा किलो तणस धरले, तरी सव्वाशे किलो तणस फुकट गेले. वर तीन आठवड्यांचे दूध गेले ते वेगळेच.

व्याण्याचेही तसेच. शेळी सोमवारी रात्री व्याली तर पिलाला तासाभरात चीक कोण पाजणार? जार पडल्याशिवाय चीक पाजू नये, ही समजूत अजून गावोगावी आहे. ती चूक आहे. उशीर झाला की पिलाची रोगाशी झगडायची ताकद गेली.

तेव्हा गोठ्याचा खरा मालक कोण? सातबारा मुलाच्या नावे, गाईच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद मुलाच्या नावे, प्रशिक्षणाचे बोलावणे मुलाला. पाच दिवस जनावराजवळ राहते ती माय नाहीतर बायको. यात आमच्या खात्याचाही दोष आहे. आम्ही सभा घेतो ती चावडीवर आणि समोर सगळे टोप्या-पागोटेवाले. माजाची लक्षणे आम्ही नको त्या माणसाला शिकवत आलो. पारदर्शक चिकट सोट, दुसऱ्या जनावरावर उडणे, दूध चोरणे हे त्या मायला आमच्याहून जास्त दिसते. दिसल्यावर कुणाला फोन करायचा आणि पैसे कुठून द्यायचे, एवढेच तिला माहीत नसते.

शनिवारवाल्या बंधूंनी म्हणून आपली कामे निवडून घ्यावीत. तणसावर युरियाची प्रक्रिया हे खास शनिवारचे काम. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, तुडवून ताडपत्रीने हवाबंद झाकायचे आणि २१ दिवसांनी, म्हणजे शनिवारीच, उघडायचे. खाऊ घालण्याआधी थोडा वेळ हवेत पसरावे. सहा महिन्यांखालील वासराला देऊ नये आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाशी कधीच राहू देऊ नये, विषबाधा होते. हार्वेस्टर आल्यापासून तणस बांधीतच विखुरते, त्यामुळे जे हाती लागते त्याची किंमत ओळखावी. खुडूक कोंबडीखाली अंडी शनिवारी बसवा, पिले तिसऱ्या शनिवारच्या सुमारास निघतील. पाऊस लागण्यापूर्वी शेळ्यांना आंत्रविषाराची, गुरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचून घ्यावी. लसीचा दिवस मात्र कामकाजाचाच असतो, तेव्हा त्यासाठी रजा काढा किंवा घरच्यांना तारीख सांगून जा.

दाराशी रोज राबणारे माणूस नसेल तर संकरित गाईचा हट्ट धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेळ्या बऱ्या. गायच हवी तर आपल्या पूर्व विदर्भातली काठाणी पहावी. २०२३ साली तिची देशी गोवंश म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. दूध थोडे, पण बैल धानाच्या चिखलात चालतो.

ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनी एक करावे. रेतन करणाऱ्याचा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन, फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक आणि लसीकरणाची तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्यावी. पाणी भरायला बाया जिथे जमतात तिथेही रंगवावी. खर्च रंगाच्या एका डब्याचा.

त्या मायच्या फोनमध्ये शेजारच्या शाळकरी मुलीने रेतनवाल्याचा नंबर चढवून दिला. मुलगा आता रविवारी जाताना रेतनाचे पैसे देवळीत ठेवून जातो. शेवटच्या माजापासून २१ दिवस मोजून आम्ही कॅलेंडरवर खूण केली, तो वार बुधवारच निघाला.