निसर्गाचे गुप्तहेर : टाकीतला रात्रीचा चोर

दोस्तांनो, गप्पी किंवा गोल्डफिश पाळलेली काचेची टाकी तुम्ही पाहिली असेलच. पण काही हौशी लोक घरात चक्क छोटासा समुद्रच ठेवतात! खारं पाणी, प्रवाळ आणि समुद्रातले सच्छिद्र दगड. या दगडांना 'जिवंत दगड' म्हणतात. कारण त्यांच्या भोकाभोकांत लहानसहान जीव दडलेले असतात. हे सगळे बिनतिकिटाचे पाहुणे! बरेचसे निरुपद्रवी असतात. पण एखाद्या सकाळी प्रवाळ कुरतडलेलं दिसतं, एखादा मासा गायब असतो. मग चोर कोण?

असंच कोडं २००९ साली इंग्लंडमधल्या न्यूकी गावच्या एका मोठ्या मत्स्यालयात पडलं. प्रवाळ तुटत होते, मासे जखमी होत होते. सापळे लावले, तर चोरानं तेही तोडले. अखेर एकेक दगड बाहेर काढून टाकीच रिकामी केली, तेव्हा सापडला सुमारे चार फूट लांबीचा किडा! शास्त्रीय नाव युनिस अफ्रोडिटॉइस. हा वाळूत अंग पुरून बसतो आणि जवळ आलेला मासा जबड्यात पकडतो. लहान असताना तो दगडाबरोबर नकळत आत आला असावा.

तुम्ही म्हणाल, मग किडा दिसला की मारून टाकावा. थांबा! टाकीत दिसणारे बहुतेक लहान केसाळ किडे उरलंसुरलं अन्न खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात. त्यांना मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

म्हणून आधी ओळख पटवायची. हे किडे रात्री बाहेर पडतात. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा, म्हणजे ते उजेडाला फारसे बुजत नाहीत. डोक्यावर पाच मिशा दिसल्या, तर तो युनिसच्या कुळातला. दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके दिसले, तर तो केसाळ किडा. मात्र हात लावू नका हं! ते केस कातडीत रुततात आणि आग होते.

ओळख न पटवता केलेला उपाय कधी कधी उलटतो. ॲप्टेशिया नावाचं एक तपकिरी समुद्रफूल असतं. ते कापून काढायला गेलात, तर राहिलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रफुलं उगवतात!

आणि नको असलेला जीव समुद्रात सोडणं तर त्याहून वाईट. सिंहमासा मूळचा आपल्या हिंदी महासागरातला आणि प्रशांत महासागरातला. १९८५ साली तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे अटलांटिक महासागरात दिसला. कुणीतरी टाकीतून सोडला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. आता तो कॅरिबियन समुद्रभर पसरलाय आणि तिथल्या छोट्या माशांचा फडशा पाडतोय.

आपल्या देशात समुद्रातून प्रवाळ काढायला कायद्यानं बंदी आहे. पण गुप्तहेर व्हायला समुद्र कशाला हवा? पावसाळ्यात न्हाणीघरात पुष्कळ पायांचा किडा दिसला, तर चप्पल उचलण्याआधी वही-पेन्सिल घ्या आणि लांबूनच निरखून चित्र काढा. शरीराच्या प्रत्येक वळ्याला पायांची एकच जोडी असेल तर ती गोम, ती चावते. बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या असतील तर तो बिचारा पैसा किडा. हात लागताच वेटोळं करून बसणारा. त्याला अलगद कागदावर घ्या आणि बाहेर कुंडीत सोडून द्या.

तर मग, लागा तपासाला!