वायरवाली गाडी आणि बाबांची डायरी

आमच्या जुन्या गाडीपुढे अखेर मेकॅनिकने हात टेकले आणि घरात नवा विषय सुरू झाला. नवरोबांचं मत ठाम होतं. प्लग-इन हायब्रिडच घ्यायची! रोजचं जाणं-येणं विजेवर, लांबच्या प्रवासाला पेट्रोल. इथे न्यू जर्सीत गराज आहे, गराजमध्ये प्लग आहे, मग अडचण काय?

नाशिकला फोनवर हे सांगितलं तर दादा म्हणाला, "म्हणजे आमच्या हायराइडरसारखी का?" नाही रे बाबा. हायराइडरची बॅटरी गाडी चालता चालता, ब्रेक लावताना आपली आपण भरते. हिची बॅटरी मोठी असते आणि रात्री वायर जोडून भरावी लागते. उदाहरणार्थ टोयोटाची नवी प्लग-इन प्रियस. बॅटरी १३.६ युनिटची, आणि भरलेली असेल तर साधारण ४४ मैल नुसत्या विजेवर. घरातल्या साध्या प्लगवर पूर्ण भरायला ११ तास. आमचं ऑफिसचं जाणं-येणं ३६ मैल. ऐकायला अगदी मापात बसतं, नाही का?

मला मात्र बाबा आठवले. स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं की डायरीच्या मागच्या पानावर तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे. आई चिडवायची, "स्कूटर चालवताय की बँक?" तेव्हा मीही हसायचे. यावेळी मात्र वही घेऊन बसले.

ही गाडी १०० मैलांना २६-२७ युनिट वीज खाते. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट २० सेंटच्या आसपास पडतं. म्हणजे ३६ मैलांचे झाले साधारण १ डॉलर ९० सेंट. आता बिनवायरची साधी प्रियस घ्या. ती गॅलनला ५७ मैलांचं ऍव्हरेज देते. पेट्रोल ३ डॉलर २० सेंट धरलं तर त्याच ३६ मैलांना लागतात २ डॉलर २ सेंट. फरक किती? १२ सेंट! ऑफिसचे २५० दिवस धरले तर वर्षाला ३० डॉलर. आणि दोन गाड्यांच्या किमतीत फरक चार-पाच हजार डॉलरचा. केंद्र सरकारची करसवलत तर ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना नाहीच.

मी हिशेब दोनदा तपासला. गंमत अशी की गॅलनला २५ मैल देणाऱ्या आमच्या जुन्या गाडीशी तुलना केली तर दोन्ही गाड्या स्वस्तच ठरतात. तिला याच अंतराला साडेचार डॉलरच्या वर लागायचे. विकणारा नेमकी हीच तुलना दाखवतो. खरी तुलना शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या नव्या गाडीशी करायला हवी, हे आपल्याला सुचत नाही.

याचा अर्थ प्लग-इन वाईट असा नाही. ज्याच्या छतावर सोलर आहे, रात्री वीज स्वस्त आहे किंवा ऑफिसात फुकट चार्जिंग मिळतं, त्याचं गणित पार उलटं येईल. पण वायर रोज जोडायला हवी. एका परिचितांनी अपार्टमेंटमध्ये राहून ही गाडी घेतली आहे. प्लगची सोय नाही, म्हणून जड बॅटरीचं ओझं घेऊन पेट्रोलवरच फिरतात. असे लोक थोडे नसावेत. युरोपियन कमिशनच्या २०२४ च्या अहवालात प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं.

नवरोबा म्हणाले, "सगळं पैशातच मोजायचं का? धूर कमी होईल त्याचं काय?" हा मुद्दा मला खोडता आला नाही. पण लेकीचं कॉलेज पुढच्या वर्षी सुरू होतंय आणि ते पाच हजार तिच्या फीमधून जाणार होते. शेवटी साधी हायब्रिड घेतली. धूर जुन्या गाडीच्या निम्म्याहून कमी झाला, एवढ्यावर तह झाला.

माझं मत एवढंच, की गाडी निवडण्याआधी स्वतःच्या सवयी एक महिना लिहून काढा. रोज किती मैल, रात्री गाडी कुठे उभी, युनिट कितीला.

नव्या गाडीच्या खणात मी एक छोटी डायरी ठेवली आहे. पहिली नोंद नवरोबांनी केली, न सांगता. बाबा असते तर खूश झाले असते.