पसंतीचा आकडा

फेसबुकावर २००९ साली ‘लाईक’चे बटण आले आणि माणसाच्या रूपाला, वेषाला, किंबहुना तपालाही आकडा चिकटला. डिंडोलीतील आपल्या व्यापारी कुटुंबांतही पर्युषणातील अठाईच्या पारण्याची छायाचित्रे मोबाईलवर झळकतात. तपाची अनुमोदना हा आपला धर्मच होय. परंतु आकडा कमी पडला म्हणून तपस्वी कन्येचे मुख उतरावे, हे आम्हांस शोचनीय वाटते. तपाने जो ‘मान’ कषाय क्षीण व्हावा, तोच येथे पुष्ट होतो. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून हे आकडे झाकण्याची सोय आहे. गुप्तदानाची थोरवी जाणणाऱ्या घरांनी तिचा अवश्य उपयोग करावा. लोकांची वाहवा ही उधारी होय. तिच्या भरवशावर शिल्लक काढू नये, हे व्यापाऱ्याच्या लेकरांस अधिक काय सांगावे?