धुक्यातला तांडेल

लोणावळ्याला समुद्र नाही, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. आम्हांला ते पुरते पटलेले नाही. 1945 पासून आरमाराची ‘शिवाजी’ ही यंत्रविद्येची शाळा इथे डोंगरावर नांगर टाकून बसली आहे. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला किनाऱ्यावरचे कोळी बांधव पालख्या घेऊन येतात. आणि आषाढात तर समुद्र स्वतःच घाट चढतो! आपण ज्याला धुके म्हणतो तो खरे पाहता ढगच. अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि थेंब होऊन आपल्या चष्म्यावर बसते.

गेल्या आषाढात अशाच एका सकाळी मी आणि माझा मित्र तुंगार्लीच्या वाटेने राजमाचीकडे निघालो. मित्र अलिबागकडचा. त्याचे वडील मचव्यावर तांडेल होते. त्याचे बालपण शिडाच्या सावलीत गेलेले. तासभर चाललो असू, तोच दहा पावलांवरचे झाड दिसेनासे झाले.

“मास्तर, शीड उतरवा!” मित्र म्हणाला.

मला हसू आले. तो मात्र हसला नाही. “धुक्यात होडी बुडते ती धुक्याने नाही, वेगाने. आधी चाल कमी करायची, मग कान उघडे ठेवायचे.”

धुक्यात सापडलेल्या शिडाच्या होडीने दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड असे सूर पुन्हा पुन्हा द्यावेत, हा सागरी नियम त्याने तिथेच मला शिकवला. मग तो पुढे, मी मागे. त्याने हाक द्यावी, मी ओ द्यावी. पुढे वाटेला फाटा फुटला. दोन्ही वाटा सारख्याच पांढऱ्या.

“परत फिरू,” तो म्हणाला.

“अरे, ढग आता उठेल!”

“उठेलही. पण त्या भरवशावर नांगर उचलत नाहीत.”

तेवढ्यात कॉलेजची पाच-सहा मुले आम्हांला ओलांडून गेली. एकाने विचारले, “काय काका, घाबरलात?”

“हो,” मित्र शांतपणे म्हणाला.

ती मुले संध्याकाळी लोणावळा स्टेशनावर भेटली, राजमाची पाहून सुखरूप आलेली, हेही सांगून टाकतो. म्हणून माझा मित्र चुकला, असे मला मुळीच वाटत नाही. सुखरूप परतलेला प्रत्येक जण शहाणाच असतो असे नाही, आणि माघारी वळलेला प्रत्येक जण भित्राही नसतो. याच लोणावळ्यात 2024 च्या जूनअखेर भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाणी पाहता पाहता वाढले.

वाचकहो, पुढल्या पावसाळ्यात सहकुटुंब निघाल तेव्हा पुऱ्या आणि चटणी बांधण्याआधी आपल्यातला तांडेल कोण, ते ठरवा. वयाने वडील असलाच पाहिजे, असे नाही. चारचौघांत ‘हो, घाबरलो’ म्हणायला जो लाजत नाही, तो निवडा. आणि एकदा निवडलात की त्याने ‘माघारी’ म्हणताच मचवा वळवा. वादविवादाला घरी पोहोचल्यावर, गरम चहाबरोबर, रात्र मोकळीच आहे.